परदेशी मदत आणि अतिदारिद्र्य : विरजण कुठे लागते?

धागा : पाणंदवाट

नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदतीचे बहुतेक सगळे वाटप रोखले आणि त्याच वर्षी १ जुलैला ही मदत वाटणाऱ्या यूएसएड या सरकारी संस्थेचे उरलेसुरले काम परराष्ट्र खात्यात विलीन झाले. ब्रिटननेही आपली मदत २०२७ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले आहे. आमच्या करवीर तालुक्यातील गावात सकाळचे दूध संकलन आटोपल्यावर संस्थेच्या ओट्यावर आम्ही दहा-बारा जण वर्तमानपत्र घेऊन बसतो. तिथे या बातमीवर एक जण म्हणाले, "बरे झाले. दुसऱ्याच्या पैशाने कुणाची गरिबी गेली आहे का?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी याच दूध संस्थेत सचिव म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. मला ते म्हणणे पटले नाही, पण त्या वेळी नीट उत्तरही देता आले नाही. ते उत्तर येथे मांडतो.

आधी मदतीचा आकार पाहू, कारण त्याविषयी आपल्या मनात फार फुगलेली कल्पना असते. २०२३ मध्ये श्रीमंत देशांनी मिळून सुमारे २२३ अब्ज डॉलरची अधिकृत मदत दिली. आकडा मोठा दिसतो, पण तो त्या देशांच्या एकूण उत्पन्नाच्या ०.३७ टक्के होता, म्हणजे शंभर रुपयांतले सदतीस पैसे. संयुक्त राष्ट्रांनी १९७० मध्येच सत्तर पैशांचे उद्दिष्ट ठेवले होते. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, लक्झेंबर्ग अशा मोजक्या देशांनीच ते सातत्याने पाळले. शिवाय या सदतीस पैशांमध्ये निर्वासितांवर स्वतःच्याच देशात केलेला खर्चही धरलेला असतो, म्हणजे गरीब देशापर्यंत पोहोचणारी रक्कम आणखी कमी.

एवढ्याशा पैशाने काय होते, याचे माझ्यापुरते उत्तर माझ्या धंद्यातच आहे. १९७० च्या सुमारास युरोपात दुधाची भुकटी आणि लोणी यांचे डोंगर साठले होते. ते जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत भारताला दान म्हणून मिळाले. ती भुकटी मुंबई-दिल्लीत फुकट किंवा मातीमोलाने वाटली गेली असती, तर शहरातल्या गरिबाला चार दिवस दूध मिळाले असते. पण दुधाचा भाव कोसळून खेड्यातल्या माणसाने म्हैस विकून टाकली असती. डॉ. वर्गीस कुरियन आणि राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ यांनी ते होऊ दिले नाही. भुकटी आणि बटर ऑइल यांचे दूध करून ते शहरांतील डेअऱ्यांमधून योग्य भावाने विकले, आणि आलेल्या पैशातून शीतकरण केंद्रे, पशुखाद्याचे कारखाने, टँकर आणि डेअऱ्या उभ्या केल्या. यालाच आपण 'दुधाचा महापूर' म्हणतो. पुढच्या टप्प्यात जागतिक बँकेचे कर्जही आले, आणि १९९६ मध्ये योजना संपली तेव्हा देशाच्या दूध व्यवसायाला दानाच्या भुकटीची गरज उरली नव्हती. १९७०-७१ च्या सुमारास देशाचे दूध उत्पादन वर्षाला सव्वादोन कोटी टनांच्या आसपास होते. २०२२-२३ मध्ये ते २३ कोटी टनांच्या घरात गेले.

मात्र एक गोष्ट विसरू नये. आपला कोल्हापूर जिल्हा दूध संघ १९६३ चा, म्हणजे महापूर योजनेच्या आधीचा. गुजरातमधील आणंदचा दूध सहकार तर त्याच्याही कितीतरी आधीचा. गावोगावी संस्था होत्या, सभासद होते, फॅट मोजून हिशेब ठेवण्याची पद्धत होती. घरात दूध असेल तरच विरजण लागते, रिकाम्या भांड्यात कितीही विरजण टाकले तरी दही होत नाही. परदेशी मदतीचे बहुतेक यशापयश मला या एका गोष्टीवर ठरताना दिसते. माझ्या आईने एका म्हशीवर घर चालवले. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दूधबिलामुळे आम्हाला सावकाराकडे जाणे बंद झाले, आणि त्या बिलात युरोपातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या भुकटीचाही कुठेतरी वाटा होता, हे मला खूप उशिरा कळले.

जाणकारांनी आपले मत मांडावे. विरोधी मत असल्यास अधिक आनंद होईल.


प्रतिसाद : आकडेमोड

लेख आवडला, परंतु निष्कर्षाबाबत माझी हरकत आहे. १९९० मध्ये जगात सुमारे २०० कोटी लोक अतिदारिद्र्यात, म्हणजे रोज २.१५ डॉलरच्या रेषेखाली, होते, २०१९ पर्यंत ती संख्या ७० कोटींच्या आसपास आली. म्हणजे जगातील दर तीन माणसांमागे एकापेक्षा जास्त होते, तेथून प्रमाण ९ टक्क्यांवर आले. मानवी इतिहासात एवढ्या थोड्या काळात असे कधी घडलेले नाही. परंतु ही घट झाली कुठे? सर्वांत मोठा वाटा चीनचा. तेथे १९७८ नंतरच्या चार दशकांत ८० कोटींच्या आसपास लोक अतिदारिद्र्यातून वर आले. त्याचे कारण परदेशी दान नव्हे. सामूहिक शेती मोडून कुटुंबांकडे जमीन कसायला दिली, शेतमालाला बरा भाव मिळू लागला, गावोगावी छोटे कारखाने निघाले आणि नंतर निर्यात वाढली, ही त्याची कारणे आहेत. त्यानंतर व्हिएतनाम, इंडोनेशिया आणि आपण. जागतिक बँकेच्या हिशेबाने २.१५ डॉलरच्या रेषेखालील भारतीयांचे प्रमाण २०११-१२ मध्ये १६.२ टक्के होते, ते २०२२-२३ मध्ये २.३ टक्के झाले. या काळात आपल्या अर्थव्यवस्थेच्या तुलनेत परदेशी मदत नगण्य होती. २००३ मध्ये तर भारताने लहान देणगीदार देशांना 'आता आपली मदत नको' असे सांगितले होते.

रेषेविषयीही थोडे सांगतो, कारण येथे पुष्कळांचा घोटाळा होतो. ही रेषा बाजारातल्या डॉलरच्या दराने मोजत नाहीत. अमेरिकेत तेवढ्या डॉलरमध्ये जेवढे विकत मिळते, तेवढे आपल्याकडे घ्यायला किती रुपये लागतात, असा तो हिशेब असतो. १९९० मध्ये ती रोज एक डॉलर होती, मग १.२५, १.९०, २.१५ आणि जून २०२५ पासून ३ डॉलर झाली. ३ डॉलरच्या रेषेने भारतातील प्रमाण ५.३ टक्के येते. म्हणून कोणताही आकडा देताना रेषा कोणती, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.


प्रतिसाद : पाणंदवाट

आपल्या प्रतिसादातील आकड्यांबाबत मला काहीही म्हणायचे नाही, ते बरोबर आहेत. विकासाशिवाय दारिद्र्य हटत नाही, हे मलाही मान्य आहे. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. विकास ज्या पायावर उभा राहतो, त्यातले काही दगड बाहेरून आलेले असतात, आणि भिंत उभी राहिल्यावर ते दिसत नाहीत. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे भारतात आले. त्या वाणांमागे नॉर्मन बोरलॉग यांचे काम होते, आणि त्या कामाला रॉकफेलर प्रतिष्ठानचा पैसा होता. बियाणे आपण विकत घेतले, पण ते तयार करण्याचा खर्च दुसऱ्याने सोसला होता. डॉ. स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ आणि सी. सुब्रमण्यम यांच्यासारखे मंत्री येथे नसते, तर ते बियाणे गोदामात किडले असते, हेही तितकेच खरे. चीनबद्दल आपले म्हणणे मान्य. तो देश माझ्या मांडणीत बसत नाही, आणि त्याला ओढूनताणून बसवणार नाही.


प्रतिसाद : कृष्णाकाठची लेक

माझे माहेर जत तालुक्यातले, म्हणून १९७२ च्या दुष्काळाबद्दल थोडे लिहिते. आमच्या घरी अजूनही 'मिलो' हा शब्द निघाला की आई तोंड फिरवते. परदेशातून आलेला तो लाल मिलो, म्हणजे एक प्रकारची ज्वारी, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन लोक जगले, यात शंका नाही. पण आई एक गोष्ट नेहमी सांगते : धान्याने जीव वाचला, मात्र मान ताठ राहिली ती कामाने. खडी फोडण्याचे, नालाबांधाचे काम मिळाले, त्याची मजुरी मिळाली, आणि त्या मजुरीवर घरचा हक्क होता.

रोजगार हमीची कल्पना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे आमच्याच सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे. १९६५ मध्ये त्याच तालुक्यात तिचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर राबवली गेली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. देशाचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये आला, म्हणजे महाराष्ट्रानंतर जवळजवळ तीन दशकांनी. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती पैशाची बाजू. नोकरदारांच्या पगारातून जो व्यवसाय कर कापला जातो, तो १९७५ मध्ये याच योजनेसाठी लावण्यात आला. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाने माणदेशातल्या बाईच्या मजुरीला हातभार लावला. मदतच ती, पण आपल्या घरातली, कायद्याने ठरलेली आणि मागणाऱ्याला लाचार न करणारी.

मला परदेशी मदतीबद्दल राग नाही. परंतु ती देणाऱ्याच्या मर्जीवर चालते. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन गव्हाची जहाजे महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडत होते, आणि व्हिएतनामच्या युद्धाबद्दल आपण काय बोलतो याकडेही त्यांचे लक्ष होते. आता २०२५ मध्ये एका सहीने आफ्रिकेतील दवाखान्यांची औषधे अडली, तीही त्याच जातीची गोष्ट. ज्या घराचे जेवण दुसऱ्याच्या मर्जीवर असते, त्या घराला उद्याचा बेत करता येत नाही.


प्रतिसाद : सुईवाल्या ताई

मी ग्रामीण भागात लसीकरणाचे काम केले आहे, त्यामुळे आरोग्याविषयीच लिहिते. वर दूध, धान्य आणि आकडे झाले. माझ्या मते परदेशी मदतीचा सर्वांत भक्कम पुरावा येथे आहे, आणि तो दिसत नाही, कारण जे मूल मेले नाही त्याची बातमी होत नाही.

देवीचा रोग घ्या. भारतात शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त झाल्याची घोषणा झाली. लसीचा फार मोठा साठा सोव्हिएत संघाने दान केला होता, भारतातील शेवटच्या मोहिमेला स्वीडनने पैसा दिला, अमेरिकेने तज्ज्ञ पाठवले. आणि घरोघरी जाऊन रुग्ण शोधण्याचे काम आपल्या हजारो आरोग्य कर्मचाऱ्यांनी केले. शीतयुद्धाच्या ऐन भरात दोन वैरी देश एका कामात होते. पोलिओचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि रोटरी यांचा त्यात हात होता, तरी भारतातील खर्चाचा मोठा भार आपल्याच सरकारने उचलला. जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा रुग्ण आढळला नाही आणि मार्च २०१४ मध्ये तसे प्रमाणपत्र मिळाले. एड्सवरील औषधांसाठी अमेरिकेने २००३ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाने अडीच कोटी जीव वाचले असे मानले जाते. १९९० मध्ये जगात वर्षाला सव्वा कोटी मुले पाच वर्षांची होण्याआधी दगावत होती, आता ती संख्या पन्नास लाखांच्या आत आली आहे.

याचा दारिद्र्याशी संबंध काय, असे कोणी विचारेल. गावात कुटुंब कशाने खाली येते ते मी जवळून पाहिले आहे. एक मोठे आजारपण आले की पहिली म्हैस जाते, मग मंगळसूत्र गहाण पडते, मग मुलीची शाळा सुटते. म्हणून आजार टळणे हाच गरिबाचा पहिला विकास आहे.

एक अनुभव आणि एक प्रयोग सांगते. पूर्वी आम्ही ठरल्या दिवशी उपकेंद्रात जायचो आणि माता यायच्या नाहीत. वरिष्ठ आम्हाला सांगायचे की या बायकांना कळत नाही. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यांची भांगलणीची मजुरी बुडायची. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी हीच गोष्ट तपासली. जेथे काहीच केले नाही तेथे ६ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले. जेथे नियमित शिबिर भरवले तेथे सुमारे १८ टक्के. आणि जेथे शिबिराबरोबर प्रत्येक डोसाला एक किलो डाळ व सगळे डोस पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तेथे सुमारे ३९ टक्के. एका किलो डाळीत एवढी ताकद असेल असे आमच्या कोणत्याही प्रशिक्षणात सांगितले गेले नव्हते. या दोघांना मायकल क्रेमर यांच्यासह २०१९ मध्ये नोबेल मिळाले. मदत किती दिली यापेक्षा गरिबाच्या दिवसाचा हिशेब देणाऱ्याने समजून घेतला का, हे मला जास्त मोलाचे वाटते.


प्रतिसाद : उद्यमनगर

ताईंचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावेसे वाटले नाही, इतका तो नेमका आहे. तरीही कारखानदाराच्या बाजूने थोडे मांडतो.

मूल वाचले, शाळेत गेले, मोठे झाले, पुढे काय? त्याला काम लागते. आमच्या शिवाजी उद्यमनगरातील फौंड्री आणि मशीनशॉप यांमध्ये तालुक्या-तालुक्यातून आलेल्या मुलांनी हाताला काम शिकून घरे बांधली. हे कुणाच्या देणगीतून झाले नाही. शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, १९०६ मध्ये कापडगिरणी काढली, राधानगरीचे धरण हाती घेतले, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. धरण पुरे व्हायला १९५७ उजाडले. त्या पाण्यावर ऊस आला, ऊसाला पाणी उपसायला इंजिन लागले, इंजिनाला सुटे भाग लागले आणि आमच्या फौंड्र्या चालू लागल्या. शेतीतला पैसा असा एकातून एक वाढत जातो.

परदेशी पैशाचा उपयोग मी नाकारत नाही, पण तो वीज, रस्ता, पूल, बंदर यांत जावा, असे माझे मत आहे. कोयनेच्या वीजप्रकल्पाला जागतिक बँकेचे कर्ज होते. बांगलादेशात जमुना नदीवरचा पूल १९९८ मध्ये झाला, त्याला जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि जपान यांनी कर्ज दिले. त्या देशातील तयार कपड्यांच्या धंद्याची सुरुवातही पाहण्यासारखी आहे. १९७९ मध्ये एका बांगलादेशी कंपनीने सुमारे १३० माणसे दक्षिण कोरियातील देवू कंपनीकडे शिकायला पाठवली. ती परत आली, त्यांतल्या अनेकांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले, आणि आज तेथे लाखो बायका शिलाईकामावर घर चालवतात. शिकवणारा कोरिया स्वतः त्याच्या काही वर्षे आधी मदतीवर होता. १९५० च्या दशकात त्याच्या आयातीचा मोठा भाग अमेरिकेच्या पैशाने भागत होता. त्याने जमिनीचे फेरवाटप केले, मुलांना शिकवले, कारखानदारांना निर्यातीची सक्ती केली आणि २०१० मध्ये तो देणगीदार देशांच्या समितीचा सदस्य झाला.


प्रतिसाद : कृष्णाकाठची लेक

उद्यमनगर यांना एक विनंती. कोयनेचे नाव घेताना तेथील धरणग्रस्तांचेही घ्यावे. त्यांची गावे पाण्याखाली गेली आणि पुढच्या पिढ्यांना पुनर्वसनासाठी आंदोलने करावी लागली. वीज आपल्या कारखान्याला मिळाली, जमीन त्यांची गेली. तसेच ऊसाच्या ज्या पैशाने फौंड्री चालली, तो ऊस तोडायला बीडकडची कुटुंबे उचल घेऊन येतात. पालात राहतात, त्यांची मुले सहा महिने शाळेबाहेर असतात. कोल्हापूरच्या समृद्धीचा हिशेब त्यांच्या कोयत्याशिवाय पुरा होत नाही.


प्रतिसाद : उद्यमनगर

मान्य. माझ्या लिहिण्यात ते यायला हवे होते. कारखान्याच्या गाळपाच्या दिवसांत त्या पालांवरून मी रोज जातो.


प्रतिसाद : भुदरगडी

या चर्चेत मदतीची काळी बाजू पुरेशी आलेली नाही, म्हणून लिहितो. झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोमध्ये, हुकूमशहा मोबुटू १९६५ पासून १९९७ पर्यंत सत्तेवर होता. शीतयुद्धात तो आपल्या बाजूचा आहे, एवढ्यावर पाश्चात्य देशांनी त्याला पैसा पुरवला. तो पैसा त्याच्या राजवाड्यांत गेला, कर्ज जनतेच्या डोक्यावर राहिले, आणि आज काँगो जगातील सर्वांत गरीब देशांपैकी एक आहे. दुसरे उदाहरण हैतीचे. १९९५ मध्ये त्या देशाने बाहेरच्या दबावाखाली तांदळावरील आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणले. अनुदानावर पिकलेला स्वस्त अमेरिकी तांदूळ ओतला गेला आणि तेथील भातशेती मोडली. पुढे २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी स्वतः त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. पाणंदवाट यांनी दुधाच्या भुकटीबाबत जो धोका सांगितला, तो हैतीत तांदळाबाबत खरा ठरला. आमच्याकडे आजरा-भुदरगडला भात पिकवणारा माणूस आहे. त्याच्या दारात फुकट तांदळाचा ट्रक उभा केला, तर दोन हंगामांत तो काय करील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही.

आणखी एक. परदेशात गेलेली माणसे घरी पाठवतात तो पैसा मदतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. २०२३ मध्ये गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांना अशा मार्गाने सुमारे ६५० अब्ज डॉलर मिळाले, म्हणजे अधिकृत मदतीच्या जवळजवळ तिप्पट. तो पैसा थेट आईच्या हातात पडतो, मध्ये कोणी सल्लागार नाही.


प्रतिसाद : पाणंदवाट

भुदरगडी, आपण दिलेली दोन्ही उदाहरणे मी माझ्या म्हणण्याच्या बाजूनेच धरतो. झाईरमध्ये विरजण होते, भांडे फुटके होते. हैतीत तर तांदूळ गावात कुणी मागितलाच नव्हता. घरी येणाऱ्या पैशाबाबत एवढेच, की तो ज्याच्या घरातले कोणी बाहेर जाऊ शकले त्यालाच मिळतो. प्रवासखर्च आणि एजंटाचे पैसे उभे करण्याचीही ज्याची ऐपत नाही, तो अतिगरीब त्यातून सुटतो. केरळातून आखातात गेलेल्यांमध्येही अगदी तळातली कुटुंबे थोडी होती.

तळातल्या त्या कुटुंबाचे काय करावे, याबाबत गेल्या काही वर्षांत जे हाती आले आहे ते मला फार आशादायक वाटते. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने एक पद्धत बसवली. घरातल्या बाईला एक दुभते जनावर किंवा शेळ्या द्यायच्या, ते सांभाळायला शिकवायचे, पहिले काही महिने खाण्यापुरता भत्ता द्यायचा म्हणजे भुकेपोटी जनावर विकावे लागणार नाही, बचतीची सवय लावायची आणि दर आठवड्याला कोणीतरी घरी जाऊन चौकशी करायची. दोन वर्षांनी मदत थांबते. इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू अशा सहा देशांतील दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर हा प्रयोग तपासला गेला आणि २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. मदत थांबून वर्ष झाल्यावरही त्या घरांचे खाणेपिणे, मालमत्ता आणि उत्पन्न इतरांपेक्षा बरे होते. आपल्याकडे तो पश्चिम बंगालमध्ये मुर्शिदाबाद जिल्ह्यात झाला आणि तेथील फरक पुढे अनेक वर्षे टिकला.

हे वाचताना मला माझ्याच संस्थेतील एक बाई आठवल्या. नवरा गेल्यावर त्यांनी कर्ज काढून म्हैस घेतली. पहिल्याच वेताला म्हैस भाकड निघाली, हप्ते थकले आणि म्हैस विकावी लागली. कर्ज देणाऱ्या संस्थेचे कागद बिनचूक होते. जे नव्हते ते म्हणजे मधल्या चार महिन्यांचे धान्य आणि 'म्हशीला अमुक दाखव' असे सांगणारा माणूस. जनावर दिले म्हणजे मदत झाली, असे आम्हीही तेव्हा समजत होतो. पुढे महिला आर्थिक विकास महामंडळाने राबवलेल्या तेजस्विनी कार्यक्रमात बचत गटांना बांधून ठेवणारी लोकसंचालित साधन केंद्रे आली, गटांकडे लक्ष ठेवणारी ताई आली, तेव्हा अशा बायकांना आधार मिळू लागला. त्या कार्यक्रमाला संयुक्त राष्ट्रांच्या कृषिविकास निधीचे, म्हणजे इफादचे, कर्ज होते, हे गटातील फार थोड्या बायकांना ठाऊक असेल.

आकडेमोड यांनी विकासाचा जो मुद्दा मांडला, त्याची मर्यादाही येथेच आहे, असे मला वाटते. आज जे अतिदारिद्र्यात आहेत, त्यांतील निम्म्याहून अधिक सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत, आणि त्यांतील पुष्कळ जण युद्धाने मोडलेल्या देशांत. तेथे कारखाना येणार नाही, निर्यात होणार नाही. दूध नाही म्हणून विरजण नको, असे माझ्या दाखल्यावरून कोणी म्हणेल. पण तेथे आधी जीव वाचवायचा आहे. सुईवाल्या ताईंनी सांगितलेली लस, मलेरियाची मच्छरदाणी, भुकेच्या काळातले धान्य हे तेथे लागणारच, आणि ते दही लावण्याच्या हिशेबात मोजू नये. माझ्या मूळ लेखात हा भेद राहून गेला होता. तो कृष्णाकाठच्या लेकीच्या आईमुळे लक्षात आला : मिलो नको होता हे खरे, पण मिलो नसता तर काम करायला माणूसच राहिला नसता.


प्रतिसाद : कृष्णाकाठची लेक

आईला हे वाचून दाखवले. ती म्हणाली, "मिलो वाईटच होता, पण त्यांना सांग, आम्ही तो टाकला नाही."


प्रतिसाद : आकडेमोड

अतिदारिद्र्याचा भूगोल बदलला आहे, हे पाणंदवाट यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यामुळे माझ्या पहिल्या प्रतिसादातील सूर थोडा खाली आणतो. चीन-भारताचा धडा तसाच्या तसा दक्षिण सुदानला लावता येणार नाही. एक विचारतो. आपल्या गावच्या संस्थेची १९७० ते १९९० या काळातली दफ्तरे शिल्लक आहेत का? सभासदसंख्या, दुधाचा दर आणि शीतकरण केंद्र सुरू झाल्याचे वर्ष एकत्र पाहता आले, तर आपला मूळ मुद्दा एका गावापुरता तरी तपासता येईल.


प्रतिसाद : पाणंदवाट

आहेत. संस्थेच्या माळ्यावर दोन पत्र्याच्या पेट्या आहेत. २०१९ च्या महापुरात तळमजल्यात पाणी शिरले होते, पण माळा वाचला. अध्यक्षांची परवानगी घेऊन या रविवारी पेट्या खाली काढतो. जुन्या पावत्यांवरील अक्षर माझ्या आधीच्या सचिवांचे आहे आणि ते लागायला कठीण जाते, त्यामुळे दोन-तीन आठवडे लागतील. जे सापडेल ते, माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध गेले तरी, याच धाग्यावर टाकीन.